अर्ध्या बाथरूमची परवानगी

डोंगरावरच्या जंगलाला लागलेली आग वाऱ्याच्या जोराने वस्तीत उतरली, आणि ती विझली तेव्हा वस्तीत दोन प्रकारची माणसं उरली होती: ज्यांचं सगळं जळून गेलं होतं ती, आणि ज्यांचं थोडंसं वाचलं होतं ती. पहिल्या प्रकारच्या माणसांची नगररचना कार्यालयाने तातडीने दखल घेतली. दुसऱ्या प्रकारात एकच माणूस होता. तो म्हणजे बाजारातला चष्मेवाला.

चष्मेवाल्याच्या घराचा हॉल गेला, दोन खोल्या गेल्या, स्वयंपाकघर गेलं, आईचा पलंग आणि पलंगाशेजारची खिडकी गेली. बाथरूम तेवढं राहिलं. त्याचं असं झालं होतं की, काही वर्षांपूर्वी बायको म्हणत होती, फरशी बदलायचीच तर हॉलची बदलू, चारचौघं येतात-जातात. पण चष्मेवाल्याला निवांत आंघोळीचा शौक. त्याने हट्टाने बाथरूमला खालपासून वरपर्यंत टाइल्स लावून घेतल्या, नवा कमोड बसवला, वर स्लॅब टाकला आणि स्लॅबवर पाण्याची टाकी ठेवली. आगीत ती टाकी वितळून फुटली आणि सगळं पाणी बाथरूमवर ओतून मोकळी झाली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं बायको म्हणाली. या गोष्टीतलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच आहे, पण ते कुठल्याही फायलीत नोंदवलं गेलं नाही.

आता तिघं दुकानाच्या मागच्या खोलीत राहत होती: चष्मेवाला, बायको आणि आई. खोलीत काचा घासायचं यंत्र, फ्रेमचे खोके आणि एक खाट. आईला दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांच्या पडद्यालाच काही झालं होतं, कुठलाच नंबर लागू पडत नव्हता. चष्मेवाल्याच्या आईला चष्मा नाही, हा बाजारातला जुना विनोद होता; तो स्वतः मात्र त्यावर कधी हसला नव्हता. घरी असताना आईला डोळ्यांची गरजच पडत नसे. भिंत कुठे संपते, उंबरा कुठे येतो, खिडकीतून वारा कुठल्या बाजूने येतो, सगळं तिच्या हातापायांना पाठ होतं. इथे ती पाऊल टाकायची आणि काहीतरी पडायचं. रोज सकाळी उठली की विचारायची, "अरे, घरी कधी जायचं?"

"नियम बदलतायत, आई. बदलले की लगेच."

आणि नियम खरोखर बदलले. शाळेच्या सभागृहात मोठ्या साहेबांनी 'आगग्रस्त क्षेत्र सुलभ पुनर्बांधणी नियम' जाहीर केले. साहेब म्हणाले, "ज्यांचं घर पूर्णपणे नष्ट झालं आहे, त्यांनी त्याच जागी, त्याच मापाचं घर खुशाल बांधावं. परवानगी नको, नकाशा नको, हेलपाटे नकोत. आमचे पाहणी अधिकारी येतील, नष्ट झाल्याची खात्री करतील, की झालं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्याने इतरांपेक्षा अंमळ जास्तच वाजवल्या.

पाहणी अधिकारी आले ते भर दुपारी. सकाळपासून राखेतून हिंडत होते, चेहरा काळवंडला होता. त्यांनी वही उघडून विचारलं, "पूर्ण नष्ट?"

इथे 'हो' म्हणायचं होतं, हे तुम्हाला कळतंय, मलाही कळतंय. पण ज्याचं सगळं गेलं आहे त्याला उरलेल्याचं कौतुक फार. चष्मेवाला म्हणाला, "तसं नष्टच म्हणायचं. पण आमचं बाथरूम बघा ना साहेब! एक टाइल हललेली नाही. मी स्वतः उभा राहून काम करून घेतलंय." एवढं बोलून तो थांबला नाही. टाकी गेली तरी थेट लाइनचं पाणी येत होतं; त्याने नळ सोडून दाखवला. फ्लश दाबून दाखवला. पाणी कसं गरगर फिरून खाली जातं, ते अधिकाऱ्यांना वाकून बघायला लावलं.

"आतून जरा पाहणी करतो," अधिकारी म्हणाले आणि आतून कडी लावून घेतली. बऱ्याच वेळाने ते तोंड धुऊन, ताजेतवाने होऊन बाहेर आले. "उत्तम आहे," त्यांनी मनापासून सांगितलं आणि वहीत लिहिलं: घर अंशतः अस्तित्वात.

कार्यालयात दुरुस्तीच्या टेबलावर एक बाई बसत. स्वभावाने वाईट नव्हत्या. चष्मेवाल्याकडूनच चष्मा घेतलेला असल्यामुळे त्याच्याशी जरा आपुलकीनेच बोलत.

"तुमचा अर्ज पुनर्बांधणीतून इकडे दुरुस्तीत आलाय," त्या म्हणाल्या.

"बाई, पण अख्खं घर जळालंय."

"जळालंय ना? मग ते नाही. जे नाही त्याची दुरुस्ती कशी करणार? दुरुस्ती असते ती आहे त्याची. तुमचं आहे काय? बाथरूम. नियम काय सांगतो? दुरुस्ती मूळ बांधकामाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. म्हणजे तुम्हाला अर्ध्या बाथरूमची परवानगी मिळते."

"अर्ध्या बाथरूमची?"

"कुठलं अर्धं, ते तुम्ही ठरवायचं. त्यात कार्यालय पडत नाही."

चष्मेवाल्याने विचारलं, मग नवीन घर म्हणून अर्ज केला तर? बाईंनी मान हलवली. नवीन घर मोकळ्या जागेवरच बांधता येतं. त्याची जागा मोकळी नव्हती. तिच्यावर बांधकाम होतं आणि त्याला पाणी येत होतं, तशी अधिकाऱ्यांची स्वानुभवाची नोंद होती.

चष्मेवाल्याच्या शेजारी गॅरेजवाल्याचं घर होतं. ते पूर्ण जळालं होतं. त्याच्या भिंती आता छातीएवढ्या वर आल्या होत्या आणि गवंडी पाणी प्यायला, हातपाय धुवायला आणि बाकी सगळ्याला चष्मेवाल्याकडे येत होते. "आमचं नशीबच थोर," गॅरेजवाला म्हणाला, "एक चमचा उरला नाही. तुमच्यासारखं काही शिल्लक राहिलं असतं तर आम्हीही लटकलो असतो. चष्मेवाले, ऐका माझं. घण देतो, पाडून टाका."

बायकोचंही तेच मत होतं. पण चष्मेवाला रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबणारा माणूस. तो म्हणाला, "पाडतो की. पण रीतसर विचारून पाडू."

"अहो, पाडा आणि मग विचारा! जगात सगळे तसंच करतात."

"म्हणूनच जगाचं असं झालंय," चष्मेवाला म्हणाला आणि पाडकामाचा अर्ज घेऊन गेला. माणसाला बुद्धी सुचते ती अशी.

पाडकामाचा नियम सरळ होता. बांधकाम धोकादायक असेल तरच पाडता येईल. ते धोकादायक आहे की नाही, हे इंजिनियर ठरवणार. इंजिनियर आले. त्यांनी भिंतीवर टिचक्या मारल्या, छोट्या हातोडीने ठोकून बघितलं, स्लॅबवर चढून उड्या मारल्या. मग तेही "आतून बघतो" म्हणाले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते.

"इतक्या वर्षांच्या नोकरीत असं काम बघितलं नाही," ते म्हणाले. "उद्या पुन्हा आग लागली तर मी बायकोमुलांना घेऊन इथेच येईन."

"पण मला ते पाडायचंय."

"पाडायचंय? अहो, अख्ख्या वस्तीत हे एकच बांधकाम आगीत टिकलं. याच्यापासून शिकायचं सोडून पाडता काय?"

आणि कार्यालय शिकलं. कार्यालय एरवी कशापासून काही शिकत नाही, पण शिकायचं ठरवलं की सगळ्यांना शिकवूनच थांबतं. महिनाभरात नियमात सुधारणा आली: यापुढे आगग्रस्त क्षेत्रातली सर्व घरं या नमुन्याप्रमाणे बांधावीत. भिंतींना आतून छतापर्यंत टाइल्स. वर स्लॅब, स्लॅबवर टाकी. खिडकी ठेवायची असल्यास नमुन्यातल्या झरोक्याएवढी, आणि तीही छताला लागून. गॅरेजवाल्याच्या हॉलला मोठी खिडकी होती, तिच्यातून सगळी दरी दिसली असती. ती विटांनी बुजवावी लागली. त्या दिवसापासून त्याने चष्मेवाल्याशी बोलणं टाकलं. जाता-येता ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणायचा, "काही लोकांना स्वतःला घर नसलं की दुसऱ्याचंही बघवत नाही." त्याचे गवंडी मात्र बाथरूमला येत राहिले.

खिडकी बुजवली त्याच संध्याकाळी चष्मेवाल्याची बायको स्वतः घण घेऊन गेली. बघते तर दारावर कार्यालयाची पाटी ठोकलेली: 'नमुना बांधकाम. नुकसान करणाऱ्यावर कारवाई होईल.' ती घण टेकून तिथेच राखेत बसली. ती घाबरणारी बाई नव्हती. पण तिला वाटलं, आगीने भांडायला वेळच दिला नव्हता. इथे वेळच वेळ होता आणि भांडायला समोर कोणी नव्हतं. नंतर ती दुकानात आली तेव्हा आईने विचारलं, "सूनबाई, घरी जाऊन आलीस? खिडकी उघडी नाही ना राहिली?" बायको म्हणाली, "नाही, आई. बंद करून आले."

पुढचं काम जमीन-वापराच्या नकाशाने केलं. आगीमुळे वस्तीचं रूप पालटलं होतं, म्हणून कार्यालयाने नकाशा नव्याने केला, प्रत्यक्ष वापराप्रमाणे. तो कार्यालयाच्या भिंतीवर लावला तेव्हा चष्मेवाला आपला भूखंड शोधायला गेला. आजूबाजूची सगळी घरं पिवळी होती, म्हणजे निवासी. त्याच्या जागेवर एक करडा चौकोन होता. त्याने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खाली करड्या रंगाचा अर्थ दिला होता: सार्वजनिक स्वच्छतागृह.

सुनावणी मोठ्या साहेबांपुढे झाली. दुरुस्तीच्या बाई नोंदी घ्यायला बसल्या होत्या.

"साहेब, तिथे माझं घर होतं," चष्मेवाला म्हणाला.

"होतं, हे कार्यालयाला मान्य आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "पण 'होतं' याला नकाशात रंग नाही. जे आहे तेच आम्हाला दाखवावं लागतं."

"आहे ते आमच्या घरचं बाथरूम आहे. सार्वजनिक कसं झालं?"

"आग विझल्यापासून तुमच्या घरच्यांशिवाय कोणी वापरलं?"

चष्मेवाला खोटं बोलणारा नव्हता. तो आठवून आठवून सांगू लागला. "आग विझवणारी मंडळी आली होती. शेजारचे गवंडी येतात. तुमचे पाहणी अधिकारी गेले होते. इंजिनियर साहेब तर दोनदा."

"यातल्या कोणाला तुम्ही नाही म्हणालात?"

"नाही कसं म्हणणार, साहेब? माणुसकी आहे की नाही काही?"

"लिहून घ्या," साहेब बाईंना म्हणाले. "सदर सुविधा वापरण्यास कोणासही मनाई नाही, असे भूखंडधारकाने स्वतःहून कबूल केले. माणुसकीच्या नात्याने."

चष्मेवाल्याने पहिल्यांदाच आवाज चढवला. "साहेब, माझ्या आईला दिसत नाही. ती रोज सकाळी विचारते, घरी कधी जायचं. मी तिला काय सांगू?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनाही आई असावी. मग ते म्हणाले, "त्यांना सांगा, कार्यालयाची पूर्ण सहानुभूती आहे."

जिन्यात बाई त्याच्या मागून धावत आल्या. इकडे तिकडे बघत म्हणाल्या, "हे बघा, मी सांगितलं म्हणू नका. सार्वजनिक स्वच्छतागृहाला रखवालदार ठेवावा लागतो. रखवालदाराला आवारात पत्र्याची एक खोली बांधून कुटुंबासह राहता येतं. तिला परवानगीसुद्धा लागत नाही. आणि त्या जागेसाठी अजून एकही अर्ज नाही."

चष्मेवाल्याने घरी म्हणजे दुकानात येऊन हे सांगितलं तेव्हा बायको आधी हसली, मग रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "आपल्याच जागेत आपण रखवालदार. बरं, खोलीला खिडकी चालते का तेवढं विचारा." पत्र्याच्या खोलीला नमुना लागू नव्हता. खिडकी चालत होती.

त्याने खोली उभी केली ती बरोबर आईच्या पलंगाच्या जागी, आणि खिडकी ठेवली त्याच दिशेला. आईला घेऊन आले त्या दिवशी चढाला लागल्याबरोबर तिने त्याचा हात सोडला. आपली आपण चालत गेली. बाथरूमच्या भिंतीला हात लागला तशी थबकली, मग भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "आलो बाई एकदाचे घरी." आगीत सगळं गेलं तेव्हा चष्मेवाल्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता तो बाथरूमच्या मागे जाऊन पोटभर रडला. आईला त्यांनी सांगितलं की घर थोडं लहान झालंय. ती म्हणाली, माणसं तरी कुठे फार आहेत.

तर इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती, आणि एखादा बरा माणूस ती इथे संपवतोही. चष्मेवाला दुपारपर्यंत बाथरूम घासून पुसून लख्ख ठेवायचा, मग दुकानात जायचा. दुपारनंतर बायको बघायची. वरच्या वळणावरून जळालेलं जंगल फार छान दिसतं असा बोभाटा झाला होता, त्यामुळे शहरातून गाड्या येऊ लागल्या. कार्यालयाने रस्त्यावर बाण लावला. लोक उतरायचे, काळ्या झाडांचे फोटो काढायचे आणि बाणाच्या दिशेने घाईघाईने खाली यायचे.

आई बाहेर खुर्चीवर बसलेली असायची. पावलं वाजली की विचारायची, "कोण आलंय गं?"

पहिल्या दिवशी बायकोच्या तोंडून निघून गेलं, "पाहुणे आहेत, आई."

मग काय विचारता! "या, या," आई म्हणायची. "उन्हातून आलात. आधी हातपाय धुवा, तिकडे बाथरूम आहे. माझ्या मुलाने हौसेने बांधलंय. आता आलात तसे जेवूनच जा." काही लोक गडबडून जायचे. काही मात्र दोन मिनिटं टेकायचे, पाणी प्यायचे. एक म्हातारे गृहस्थ तर तासभर बसून आपल्या गुडघ्यांबद्दल बोलून गेले. संध्याकाळी आई मुलाला म्हणायची, "अरे, पूर्वी कोणी फिरकत नव्हतं. आपल्यावर प्रसंग आला तर किती माणसं भेटायला येतात बघ. आणि लोक म्हणतात माणुसकी राहिली नाही." चष्मेवाला ऐकून घ्यायचा. त्याला वाटायचं, कार्यालयाने चुकून का होईना, आईला तिचं घर परत दिलं, आणि वर माणसांनी भरून दिलं. तो खरंच सुखी होता. हे मी उपहासाने लिहीत नाही.

मग कार्यालयाने सुविधेचा दर्जा राखण्यासाठी बाथरूमच्या दाराशी ठिपक्याठिपक्यांचा एक चौकोन चिकटवला. फोन त्याच्यासमोर धरायचा आणि आपला अभिप्राय द्यायचा.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी तुम्हीही त्या रस्त्याने गेला होतात. वळणावर थांबलात, फोटो काढलात. त्यातल्या एका फोटोखाली 'मन सुन्न झालं' असं लिहून तो सगळ्यांना पाठवलात. मग मुलांना घाई झाली म्हणून खाली आलात. जागा स्वच्छ होती, पाणी होतं. बाहेर आलात तर खुर्चीवरची एक म्हातारी तुमच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "झालं का? आता जेवूनच जा." तुम्ही तिला वाकडं काहीच बोलला नाहीत, तुम्ही तसे नाही. तुम्ही नुसतं हसलात, ते तिला दिसलं नाही. गाडीत बसल्यावर तुम्ही पाचपैकी चार तारे दिलेत आणि लिहिलंत: 'सोय उत्तम. मात्र आवारात एक कुटुंब राहते. एक वृद्ध बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारून जेवायला बोलावते. अवघडल्यासारखे होते. संबंधितांनी लक्ष द्यावे.'

संबंधितांनी लक्ष दिलं. जे कार्यालय वर्षभरात एक भिंत पाडायची परवानगी देऊ शकलं नव्हतं, त्याची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाली. पत्र्याची खोली बांधायला परवानगी लागत नव्हती, त्यामुळे काढायलाही लागली नाही. दुपारपर्यंत आई पुन्हा दुकानाच्या मागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांमध्ये बसली होती. आपण कुठे आहोत हे तिला कळलं होतं, पण घरी कधी जायचं, ते तिने विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं, "अरे, आपण असे निघून आलो, आणि मागाहून पाहुणे आले तर?"

साधारण त्याच सुमारास तुमच्या फोनवर एक संदेश आला: 'आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. आपण समाधानी आहात का?' तुम्हाला आधी आठवेना, कसली तक्रार. मग आठवलं, आणि काही का होईना, निदान एक कार्यालय तरी लोकांचं ऐकतं, असं म्हणत तुम्ही 'होय'वर बोट दाबलंत.